घरभाडे व मुक्त व्यवसायाच्या उत्पन्नाचे ऑनलाइन विवरणपत्र (जुन्नर व आंबेगाव)

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील शेतीप्रधान तालुके आहेत. मंचर व नारायणगाव येथील गाळ्यांचे भाडे, २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झालेल्या जुन्नरमध्ये पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या खोल्या आणि घरी बसून केलेली संगणकीय कामे यांमुळे शेतकरी कुटुंबांतही आता करपात्र उत्पन्न येते. त्याचे विवरणपत्र आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर भरावे लागते. २०२५–२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नास आयकर कायदा, १९६१ लागू आहे; १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ अमलात आला.

शेती आणि भाडे

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने शेतात उभ्या असलेल्या खोल्यांचे भाडेही करमुक्त, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. शेतघर कसणाऱ्याच्या राहण्यासाठी किंवा साठवणीसाठी असेल तरच कायदा त्याचा शेतीशी संबंध मानतो. खोल्या जेवण व इतर सेवांसह दिल्यास ते सामान्यतः व्यवसायाचे उत्पन्न ठरते.

गाळ्याच्या वार्षिक भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते. भाडे १,२०,००० रुपये व घरपट्टी ४,००० रुपये असल्यास करपात्र रक्कम ८१,२०० रुपये होते. दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. मोकळ्या जागेच्या भाड्यास ही ३० टक्के वजावट नाही.

मुक्त व्यवसाय

अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, लेखाकर्म इत्यादी ठरावीक व्यवसायांत कलम ४४एडीए अन्वये जमा रकमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. मग हिशोबाच्या वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. भाषांतर या यादीत नाही.

नमुन्याची निवड

येथील करदात्यांची गफलत बहुधा याच टप्प्यावर होते. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास आयटीआर-१ (सहज) किंवा आयटीआर-४ (सुगम) चालत नाही. केवळ भाडे असल्यास आयटीआर-२, व्यवसायही असल्यास आयटीआर-३ भरावा लागतो. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेल्यास कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही मोजले जाते.

वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) बँकेचे व्याज, कापलेला कर इत्यादी नोंदी आधीच दिसतात. कर न कापणाऱ्या भाडेकरूचे भाडे तेथे सहसा दिसत नाही, तरी ते दाखवणे बंधनकारक आहे.

पडताळणी

विवरणपत्र पाठवल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगद्वारे पडताळणी करावी लागते. पडताळणी न झालेले विवरणपत्र अवैध ठरते. डोंगराळ गावांत मोबाइलवर ओटीपी वेळेत न आल्यास स्वाक्षरी केलेली पोच (आयटीआर-व्ही) त्याच मुदतीत बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवता येते.