नायक शिल्लक, लेखक हवा

इयान फ्लेमिंग 12 ऑगस्ट 1964 रोजी वारला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं 56. त्याचा मानसपुत्र जेम्स बाँड मात्र त्या वेळी ऐन भरात होता. बाँडचे दोन चित्रपट येऊन गेले होते, तिसरा पुढच्याच महिन्यात यायचा होता. पुस्तकांचे हक्क ग्लिड्रोज नावाच्या एका कंपनीकडे होते. त्या कंपनीपुढे तेव्हा जो प्रश्न उभा राहिला, त्याविषयी आज बोलायचं आहे. लेखक गेल्यावर त्याच्या नायकाचं काय करायचं? त्याला लेखकाबरोबर निरोप द्यायचा, की दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचं? आणि सोपवायचं तर कुणाच्या?

फ्लेमिंगची पत्नी अ‍ॅन हिचा या कल्पनेला विरोध होता. कंपनीनं तरीही लेखक शोधला. किंग्जली एमिस हा तेव्हाचा नावाजलेला कादंबरीकार. त्यानं 1965 मध्ये बाँडच्या कादंबऱ्यांवर एक अभ्यासू आणि मिश्कील पुस्तक लिहिलं होतं. 1968 मध्ये त्याची ‘कर्नल सन’ ही बाँड कादंबरी आली, पण मुखपृष्ठावर नाव होतं रॉबर्ट मार्कहॅम. हे टोपणनाव पुढं इतर लेखकांनाही वापरता यावं, असा बेत होता. तो फसला. मार्कहॅम एका पुस्तकापुरताच जगला.

पुढची निवड याहून गमतीची. 1981 पासून बाँड लिहू लागला जॉन गार्डनर. या गृहस्थानं 1964 मध्ये बॉयसी ओक्स नावाचा एक भित्रा हेर निर्माण करून बाँड छापाच्या नायकांची चक्क टिंगल केली होती! त्यानं बाँडला ऐंशीच्या दशकात आणलं, साब मोटारीत बसवलं आणि 1996 पर्यंत चौदा स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्यानंतर रेमंड बेन्सन हा अमेरिकन आला. तो मुळात बाँडचा निस्सीम चाहता. फ्लेमिंगचं ओळ न् ओळ वाचून त्यानं 1984 मध्ये बाँडवर जाडजूड संदर्भग्रंथ काढला होता. 2008 मध्ये फ्लेमिंगची जन्मशताब्दी आली, तेव्हा कंपनी पुन्हा साहित्यिकाकडे वळली आणि सबॅस्टियन फॉक्सला बोलावलं. अँथनी हॉरोविट्झनं 2015 ते 2022 या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीसाठी त्याला फ्लेमिंगचा अप्रकाशित मजकूरही दिला गेला. आणि 2022 मध्ये किम शेरवूड या लेखिकेनं बाँडच्या खात्यातल्या इतर हेरांची मालिका सुरू केली. तिच्या कादंबरीत बाँड बेपत्ता आहे!

टीकाकार, टिंगलखोर, भक्त, साहित्यिक आणि शेवटी नायकालाच बाजूला ठेवणारी लेखिका. निवडीची फूटपट्टी दर वेळी बदलली. पण एक गोष्ट बदलली नाही. ‘तू लिही’ आणि ‘तू लिहू नकोस’ असं सांगणारं कुणीतरी दाराशी सतत बसलेलं होतं.

आता आपल्याकडे वळू. लेखकामागं मालिका पुढं नेण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. बाँडच्या जन्माच्या कितीतरी आधी बनारसला तो घडून गेला आहे. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’तले ऐयार म्हणजे वेषांतर करणारे, बेशुद्धीची पूड हुंगवणारे, शत्रूच्या गोटात शिरणारे हेरच. खत्री 1913 मध्ये गेले, तेव्हा त्यांची ‘भूतनाथ’ ही मालिका अर्धवट राहिली होती. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. घरातच वारस मिळाला, वाचकांनी तो मानला. इंग्रजीत अगदी अलीकडे, 2024 मध्ये, जॉन ल कारे याच्या मुलानं, निक हार्कवे यानं, बापाच्या जॉर्ज स्मायली या हेरावर नवी कादंबरी लिहिली. तोही हाच मार्ग.

घरात वारस नसेल आणि दाराशीही कुणी नसेल, तर काय होतं? त्याचं उदाहरण माझ्या आजोळच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. माझे मामू उर्दू वाचत. त्या ट्रंकेत इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’चे अंक गच्च भरलेले असत. इब्ने सफी म्हणजे अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचे असरार अहमद. मुळात कवी, ‘असरार नारवी’ या नावानं गझल लिहिणारे. 1952 मध्ये त्यांची जासूसी दुनिया अलाहाबादहून सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, तरी त्यांचे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद दोन्ही देशांत वाचले जात राहिले. 1955 मध्ये त्यांनी इमरान हा वरकरणी मूर्ख, आतून बिलंदर असा गुप्तहेर आणला. हिंदीत येताना फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. बारसं बदललं म्हणून वाचक काही दुरावले नाहीत.

1960 ते 1963 या काळात इब्ने सफी मनाच्या आजारानं अंथरुणाला खिळले. लेखणी थांबली, मागणी थांबली नाही. मग बाजारात ‘एन. सफी’ आणि असेच आणखी सफी उगवले. नायक तेच, नाव जवळपास तेच, किंमतही तीच. ‘डेढ मतवाले’ ही कादंबरी घेऊन खरे सफी 1963 मध्ये परतले, तेव्हा वाचकांनी ती डोक्यावर घेतली. 1980 मध्ये ते गेले आणि पुन्हा तेच झालं. मुलतानच्या मजहर कलीम यांनी एकट्यानं इमरानवर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचाही मोठा वाचकवर्ग आहे, ते मी नाकारत नाही. पण मामू एखादं पान वाचूनच सांगत, ‘‘हा आपला इमरान नव्हे.’’ कसं ओळखता, असं विचारलं तर म्हणत, ‘‘हा विनोद सांगतो, आणि मग स्वतःच हसतो.’’

एवढ्या एका वाक्यात सगळी परीक्षा आहे. पिस्तुलं, मोटारी, वेषांतरं यांची नक्कल कुणालाही जमते. नायकाचा बोलण्याचा ढंग आणि गप्प राहण्याची जागा उचलणं अवघड.

मराठीची गोष्ट वेगळी. आमचं सोमाटणे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. ऐंशीच्या दशकात आम्ही पोरं रोजच्या भाड्यावर पुस्तकं आणायला तळेगावला जात असू. पंचवीस पैशांत एक रात्र. पुस्तकाची शिवण सुटलेली, शेवटचं पान बहुधा गायब. त्या फळीवर बाबूराव अर्नाळकर होते. त्यांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. एका माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं तेव्हाच्या मराठी घरांत आप्तांसारखी घेतली जात. काळा पहाड हा ब्रूस ग्रॅमच्या ‘ब्लॅकशर्ट’ या नायकाच्या वळणावर बेतलेला, असं जाणकार सांगतात. योगायोग असा, की तिकडे त्या ब्लॅकशर्टची मालिका ग्रॅमच्या मुलानं पुढं चालवली. इकडे बाबूराव 1996 मध्ये गेले आणि काळा पहाड थांबला.

अर्नाळकरांचे नायक रूढ अर्थानं हेर नव्हते. शत्रूच्या मुलखात घुसणारा लष्करी हेर मराठीत घरोघर पोचवला तो गुरुनाथ नाईकांनी. त्यांचा कॅप्टन दीप आम्हा पोरांचा बाँड होता. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या बाराशेच्या घरात सांगतात. 2021 मध्ये ते गेले. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद त्याआधीच, 2003 मध्ये, पोरका झाला होता. या तिघांच्याही नायकांना ‘ग्लिड्रोज’सारखं घर मिळालं नाही. आपल्याकडे अशी पुस्तकं महिन्याच्या हिशेबानं छापली जात, भाड्यानं वाचली जात आणि फाटली की रद्दीत जात. लेखकाला मोबदला मिळे तो बहुधा पुस्तकामागं एकरकमी. नायक ही जपायची मिळकत आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या तळेगावच्या दुकानातलीही सगळी फळी पुढं किलोच्या भावानं गेली.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली, तेव्हा 1992 च्या दुरुस्तीनं ती साठ झाली. या हिशेबानं फ्लेमिंगची त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं 1 जानेवारी 2025 पासून भारतात मोकळी झाली. अर्नाळकरांची पुस्तकं मोकळी व्हायला 2056 साल संपावं लागेल. म्हणजे इंग्रजांचा हेर आपल्याला आधी मिळाला, घरचा झुंजार अजून तीस वर्षं लांब! आणि त्या तीस वर्षांत त्याची किती पुस्तकं कागदावर शिल्लक राहतील?

गझलेच्या दुनियेत वारस नेमण्याची एक जुनी रीत आहे. उस्ताद शागिर्दाच्या ओळी दुरुस्त करतो, त्याला ‘इस्लाह’ म्हणतात. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नव्या कवींपर्यंत पोचवली, ती याच रीतीतली. उस्ताद शागिर्दाला स्वतःचं नाव देत नाही, कान देतो. आणि नको ते थोपवण्याचीही परंपरा आपल्या मातीत आहे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढं कुणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. ज्ञानेश्वरीशी रहस्यकथेची तुलना मी करत नाही. पण आधी शुद्ध प्रत, मग पुढचा विचार, हा क्रम कोणत्याही पुस्तकाला लागू आहे.

म्हणून उद्या कुणी मला विचारलं, की कॅप्टन दीप पुढं कुणी लिहावा, तर मी कुणाचं नाव सुचवणार नाही. मी म्हणेन, आधी त्याची पुस्तकं गोळा करा. माळ्यावरच्या पेटीत, गावच्या वाचनालयाच्या खालच्या खणात, जुन्या बाजारात जे मिळेल ते जमवा. त्यांची यादी करा, प्रती काढून ठेवा, हक्क कुणाकडे आहेत ते लिहून ठेवा. मग एखादा मुलगा किंवा मुलगी ती सगळी वाचून काढेल, आणि ‘हा आपला दीप नव्हे’ असं पानावर बोट ठेवून सांगू शकेल. पुढची कादंबरी लिहायला त्याला किंवा तिला बसवावं.