झोळी, पावती आणि क्यूआर कोड

माझ्या लहानपणी रमजानचा चंद्र दिसला, की चार-सहा दिवसांत दारात 'सफीर' येत. सफीर म्हणजे दूरच्या मदरशाचा दूत. खांद्यावर झोळी, हातात पावतीपुस्तक. अब्बा त्यांना इफ्तारला थांबवून घेत आणि जकातीचे पैसे देताना आम्हा मुलांना आत पिटाळत. या हाताचं त्या हाताला कळू नये, हा रिवाज.

जकात म्हणजे ठरावीक मर्यादेहून अधिक, वर्षभर बाळगलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग. तो कुणाला द्यायचा, ते आठ हक्कदार कुरआनातच सांगितले आहेत. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात जकातवसुली हे राज्याचं काम होतं. ती नाकारणाऱ्या टोळ्यांशी ते लढले. आपल्याकडे आज ती ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर आहे.

पण आमच्या दारातलं ते पावतीपुस्तकही एकेकाळी नवीनच होतं. 1866 मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला, तो नवाबांच्या खजिन्यावर नव्हे, तर सामान्यांच्या चंद्यावर. टपाल, रेल्वे आणि छापखाना त्याच्या मदतीला आले. 1880 पासून टपालखात्याची मनीऑर्डर आली. वार्षिक अहवालांत देणगीदारांची नावं छापली जात. म्हणजे गुप्तदान की जाहीर हिशेब, हा पेच मोबाइलने आणलेला नाही.

यूपीआय 2016 मध्ये आलं, पण आमच्या घरी ते खऱ्या अर्थाने शिरलं 2020 च्या रमजानमध्ये. टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या बंद, सफीर आलेच नाहीत. आले ते क्यूआर कोड. मी अर्ध्या मिनिटात तीन मदरशांना जकात पाठवली आणि मोकळा झालो.

ईदच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "खालांकडे दोन दिवस चूल पेटली नाही." खाला आमच्याच गल्लीतल्या. विधवा, शिवणकामावर जगणाऱ्या. त्यांच्याकडे साधा फोन, त्यांचा क्यूआर कोड कोण पाठवणार? आधी जवळच्या गरजवंताकडे पाहावं, असं जाणकार सांगत आलेत. माझा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता, फक्त शेजार त्यात नव्हता.

मोबाइलला दोष कसा देऊ? त्याच्यामुळेच गरजूला रांगेत उभं न राहता, कुणाच्या नजरेला न पडता मदत मिळू शकते. मीही जकातीचा हिशेब आता त्यावरच करतो. मात्र एक वाटा पाकिटात ठेवतो आणि तो द्यायला पायी जातो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)