अर्जुनेच्या काठचे राजापूर बंदर

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गावाला आपल्या पूर्वजांची आठवण होते. हे पूर्वज पोट कशावर भरीत, कोणत्या वाटेने जात-येत, बाजारहाट कोठे करीत, याचाही विचार अशा मंगल प्रसंगी होणे उचित आहे. राजापूर तालुक्यातील गावांच्या बाबतीत या सर्व वाटा एके काळी राजापूर बंदराकडे जात असत. म्हणून या बंदराची ही थोडक्यात ओळख.

मुंबई-गोवा महामार्गावरून राजापूर शहरात जाणारा माणूस उतरणीने खाली खाली जातो. हे गावच मुळी खोलगट भागात, डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांचा येथे संगम होतो. समुद्र येथून सुमारे १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर दूर. असे असूनही हे गाव बंदर झाले, याचे कारण खाडी. भरतीचे पाणी जैतापूरच्या मुखातून आत शिरून थेट राजापूरच्या अंगाला लागत असे. भरतीबरोबर गलबते वर यायची आणि ओहोटीबरोबर माल भरून खाली जायची. दुसऱ्या बाजूने अणुस्कुरा घाटातून बैलांचे तांडे देशावरचा माल घेऊन उतरत. घाटवाट आणि जलवाट जेथे भेटली, तेथे पेठ उभी राहिली. मिरी, वेलची, कापड यांचा येथे मोठा व्यापार चाले. राजापुरी पंचा तर घरोघरी माहीत आहे.

जवाहर चौकातून बाजारपेठेत शिरले की अरुंद रस्ते आणि चढउतार लागतात. सन १८८० च्या सुमारास सरकारी गॅझेटियर लिहिणाऱ्यांना हे गाव कोकणातील सर्वांत जुन्या वळणाचे वाटले. फरसबंदी बाजार, चिंचोळ्या गल्ल्या आणि अरबांची थेट येथवर येणारी गलबते यांची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. मात्र बंदर गाळाने भरत चालले असून फक्त लहान गलबते तीही मोठ्या भरतीला येतात, असेही त्यांनी त्याच वेळी लिहिले.

इंग्रजांनी १६४९ मध्ये येथे वखार घातली. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळगडास वेढा दिला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करू लागला. व्यापारासाठी आलेल्यांनी युद्धात हात घातला. शिवाजी महाराजांनी हे विसरून चालण्यासारखे नव्हते. १६६१ मध्ये महाराज स्वतः राजापुरावर चालून आले. वखार खणून काढण्यात आली व इंग्रजांना कैद झाली. आजारपणामुळे सोडलेला रेव्हिंग्टन लवकरच मरण पावला. बाकीचे कैदी १६६३ मध्ये सुटले. पुढे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय त्याच्या बोलण्यात होता. परकीयांना वठणीवर आणल्याची ही हकीकत राजापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

त्यानंतर १७१३ मध्ये राजापूर आंग्र्यांकडे, १७५६ मध्ये पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. ज्या वखारीतून पूर्वी व्यापार चाले, तेथेच इंग्रजी अमलात सरकारी कचेरी भरू लागली. आज त्या इमारतीचे अवशेषच तेवढे शिल्लक आहेत.

शहराबाहेर धोपेश्वर येथे मृडानी नदीच्या काठी श्री धूतपापेश्वराचे देवस्थान आहे. उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा व जवळच १४ कुंडांचे गंगातीर्थ आहे. साधारण तीन वर्षांनी गंगा प्रकट होते, तेव्हा दूरदूरची माणसे स्नानास येतात. येथील बहुतेक सर्व तीर्थे पाण्याच्या आश्रयाने आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग एवढे नांदते बंदर गेले कोठे? ते कोणा शत्रूने बुडविले नाही. डोंगरावरची झाडी तुटली, उतार उघडे पडले आणि दर पावसाळ्यात माती वाहून नदीत बसू लागली. प्रथम मोठी गलबते जैतापूरलाच थांबू लागली व माल लहान होड्यांतून वर येऊ लागला. पुढे होड्याही कमी झाल्या. गाड्यांचा रस्ता झाला आणि व्यापाराने आपली वाट बदलली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तिचे स्थानकही शहरापासून लांबच पडले. मुंबईला जाणारा चाकरमानी खाडीची वाट विसरला.

परंतु नदी विसरलेली नाही. ज्या पात्रात पूर्वी गलबते फिरत, ते गाळाने उथळ झाल्यामुळे पावसाचे पाणी आज मावत नाही. त्यातच भरतीची वेळ साधली तर पाणी पुढे सरकतच नाही आणि जवाहर चौकात पूर येतो. व्यापाऱ्यांना दुकानातील माल रातोरात माडीवर चढवावा लागतो. अलीकडच्या वर्षांत लोकसहभागातून गाळ उपशाचे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण वरच्या गावांतील डोंगर बोडके राहिले तर खालचा उपसा किती दिवस पुरणार? राजापुरात साचणारी माती तालुक्यातील गावांचीच आहे.

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले, मुंबईकर मंडळींनी पदरमोड केली आणि दात्यांनी सढळ हाताने मदत दिली. तोच हात गावच्या देवराईला, डोंगरउताराला आणि ओढ्याच्या काठाला लागावा. पूर्वजांनी देऊळ आणि नदी ही दोन्ही पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली होती. त्यांतील एकाचा जीर्णोद्धार पार पडला. दुसऱ्याचाही व्हावा, आणि तशी बुद्धी व बळ सर्वांस मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.