तीन मिनिटांची तबकडी आणि महिन्याची वर्गणी

वर्गणी हा शब्द मराठी वाचकाच्या अगदी घरातला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, ती अशा वर्गणीदारांच्याच बळावर वाढली. वर्गणी सरली म्हणजे पुढचा अंक येणे बंद होई. परंतु मागचे अंक फडताळात सुखरूप राहत. त्यांना कुलूप घालावयास कोणी संपादक घरी आल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे हाच शब्द गाण्याच्या दुकानी जाऊन बसला आहे. गाणे संगणकावर मुद्रित करणे, त्याला साज चढविणे, आवाज स्वच्छ करणे ही कामे ज्या सॉफ्टवेअरांवर चालतात, ती आता पुष्कळदा विकत मिळत नाहीत; महिन्याच्या अथवा वर्षाच्या वर्गणीने मिळतात. आणि प्रत्येक वर्गणीस तिच्या मर्यादा असतात. त्या नीट समजावयाच्या, तर गाण्याला आजवर कोणकोणत्या मर्यादा पडल्या हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

मूळच्या गाण्याला मर्यादा नव्हतीच. ठाणे खाडीच्या काठी, सीवूड्स-दारावे स्टेशनाजवळ करावे नावाचे जुने गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भाताची खाचरे व मिठाची आगरे यांच्या या मुलखात नवी मुंबई उभी राहिली. या भागातील आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. हळद, मांडव, लग्न, प्रत्येक विधीचे गाणे वेगळे. आणि विधी लांबला की गाणेही लांबते. या शब्दाचे वय तरी किती? तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रचलेले रुक्मिणीस्वयंवराचे धवळे मराठी वाङ्मयात आद्य कवयित्रीची रचना म्हणून प्रसिद्धच आहेत. इतके जुने गाणे, पण त्यास घड्याळ ठाऊक नाही.

घड्याळ आणले ते ग्रामोफोनने. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान आदी गायिकांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. ज्या बालगंधर्वांचे एकेक पद ‘वन्स मोअर’च्या गजरात रंगभूमीवर फुलत राही, त्यांनाही या तीन मिनिटांत बसावे लागले. तासभर राग आळविणारे अब्दुल करीम खाँसाहेब तर ठुमरी अशी गाऊन गेले की, ती लहान वाटतच नाही. मर्यादेने गाणे आखूड केले खरे, पण गवयाला नेमकेपणाही शिकविला.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. ती तीन मिनिटे एकदा विकत घेतली म्हणजे घरची होत. भोंग्याला किल्ली द्यावी, सुई बदलावी आणि ऐकावे. तबकडी झिजे, तडकेही. परंतु कंपनी तिला परत मागत नसे.

१९४८ साली लाँग-प्ले तबकडी आली नि एका बाजूवर वीसएक मिनिटे मावू लागली. पुढे फितीचे युग आले. १९६३ साली फिलिप्सने काढलेल्या कॅसेटने तर ध्वनिमुद्रण खेडोपाडी नेले. १९९१ साली प्रो टूल्स हे सॉफ्टवेअर निघाले, तेव्हा त्यात एकावेळी चारच ट्रॅक होते. ट्रॅक म्हणजे आवाजाची स्वतंत्र वाट: एकीवर गळा, दुसरीवर ढोलकी, तिसरीवर झांज. यंत्रे वाढली, तशा या वाटाही वाढल्या.

आतापर्यंतची मर्यादा वस्तूची होती: लाखेची, फितीची, यंत्राची. यापुढची मर्यादा माणसाने ठरविलेली आहे. २०१५ साली प्रो टूल्सची वर्गणी सुरू झाली. त्याच साली तिची एक फुकट आवृत्ती निघाली. तीत सोळा ट्रॅक मिळत, पण गाणी मात्र तीनच ठेवता येत, तीही कंपनीच्या दूरच्या कोठारात. ती आवृत्ती पुढे बंद झाली. २०२२ साली आलेल्या ‘इंट्रो’ या फुकट आवृत्तीत प्रत्यक्ष आवाजाचे आठ ट्रॅक आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्ह्ज या कंपनीने आपली साधने यापुढे केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले. गिऱ्हाइकांत असा गहजब उडाला की, काही दिवसांतच तिला कायमची विक्री पुन्हा सुरू करावी लागली.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ट्रॅक किती? गाणी किती ठेवता येतील आणि कोठे? किती संगणकांवर चालेल? आणि वर्गणी थांबली तर आधीचे काम उघडेल का? ज्याची त्याची गरज वेगळी. लग्नाच्या नाचगाण्यात ढोलकी, खंजिरी, कीबोर्ड, कोरस असा ताफा असतो. त्याला आठ वाटा बघता बघता अपुऱ्या पडतात. उलट धवलारणीचे गाणे हे एका गळ्याचे. तिला एक ट्रॅकही पुष्कळ. तिच्या नातीने महागडी वर्गणी घेण्याचे काहीच कारण नाही. तिने विचारावयाचा तो चौथाच प्रश्न.

कारण सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साच्यात ठेवलेले गाणे ते सॉफ्टवेअर चालेल तोवरच सहज उघडते. यावर तोडगा सोपा आहे. काम झाले की प्रत्येक आवाज ‘वेव्ह’ या साध्या साच्यात वेगळा काढून ठेवावा. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली आणलेला हा साचा आजही जवळपास कोणत्याही यंत्रावर वाजतो. एका गळ्याचे तासभर गाणे सीडीच्या दर्जाने सुमारे ३०० मेगाबाइट जागा घेते; म्हणजे खिशातल्या लहानशा पेनड्राइव्हवरही कित्येक रात्रींचे धवळे मावतील. एक प्रत घरी ठेवावी, एक नातेवाइकांकडे.

धवळे बहुतांशी मुखोद्गतच चालत आले आहेत. आजीकडून नातीला ते मिळतात, तेव्हा कोणी वर्गणी मागत नाही. पण आजी गेली की मागे काही उरतही नाही. म्हणून ते मुद्रित झालेच पाहिजेत, आणि झालेले आपल्या फडताळात राहिले पाहिजेत. यंदाच्या दिवाळीत घर भरलेले असेल, म्हाताऱ्या आत्या-माम्या ओसरीवर बसल्या असतील. त्यांना गावयास लावा, आणि त्यांचा आवाज अशा जागी ठेवा, की तो ऐकावयास पुढे कोणाची परवानगी लागू नये.