लुटुपुटूच्या लढाईतील खरी शिरस्त्राणे

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत अमेरिकेतील मुलांची एक अख्खी पिढी घराच्या परसात आणि गावाबाहेरच्या माळावर युद्धाचा खेळ खेळत वाढली. त्यांच्या हातातील बंदूक लाकडाची, पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची असे. कमरेचा पट्टा, पट्ट्याला लटकणारी पाण्याची बाटली आणि डोक्यावरचे शिरस्त्राण मात्र पुष्कळदा खरेखुरे, लष्करासाठी बनलेले असे. लढाई लुटुपुटूची, पण साहित्य अस्सल, असा हा अजब खेळ होता. तो खेळणारी मुले आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. बालपणी हाताळलेल्या, पुढे हरवलेल्या किंवा आईने भंगारात देऊन टाकलेल्या त्याच वस्तू शोधून जमवणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा छंद बनला आहे.

या छंदाचे वेगळेपण असे की, येथे एकाच वस्तूला दोन मालक आणि दोन इतिहास असतात. पहिला इतिहास ती वस्तू घेऊन छावणीत वा रणांगणावर गेलेल्या सैनिकाचा. दुसरा तीच वस्तू अंगावर चढवून दिवेलागणीपर्यंत उंडारणाऱ्या मुलाचा. बाजार या दोहोंना सारखे मोल देत नाही. कोरी करकरीत किंवा एखाद्या नामांकित तुकडीशी नाते सांगणारी वस्तू महाग विकली जाते. मुलाने रंगवलेली, स्वतःचे नाव कोरलेली वस्तू 'खराब' ठरते. मग ती 'सुधारण्यासाठी' खरवडली जाते, नव्याने रंगवली जाते आणि दोन्ही इतिहास एकाच वेळी पुसले जातात. हा छंद जोपासणाऱ्याने सर्वप्रथम लक्षात घ्यावी अशी गोष्ट हीच होय.

माल बाजारात कसा आला?

युद्धाचे उरलेले सामान विकण्याचा धंदा अमेरिकेत जुना आहे. १८६५ मध्ये तेथील यादवी युद्ध संपले, तेव्हापासून न्यूयॉर्कच्या बॅनरमन कुटुंबाने लिलावातून लष्करी सामान विकत घेण्यास प्रारंभ केला. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर त्यांच्याकडे इतका माल आणि दारूगोळा जमा झाला की, तो भर शहरात ठेवणे अशक्य झाले. म्हणून फ्रान्सिस बॅनरमन यांनी १९०० मध्ये हडसन नदीतील पोलोपेल नावाचे बेट विकत घेऊन त्यावर स्कॉटिश किल्ल्याच्या धर्तीवर कोठार बांधले. १९२० मध्ये तेथील दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि १९६९ च्या आगीत उरलेल्या वास्तूचीही राखरांगोळी झाली. नदीच्या पात्रात उभे असलेले तिचे भग्नावशेष या व्यापाराच्या एका पर्वाची साक्ष देतात.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याचे स्वरूपच पालटले. युद्ध संपल्यावर डोंगराएवढे सामान शिल्लक राहणार, हे ओळखून अमेरिकी काँग्रेसने १९४४ मध्येच शिल्लक मालमत्तेच्या विक्रीचा कायदा केला. १९४६ पासून 'वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या खात्याने विक्रीचे काम हाती घेतले व १९४९ पर्यंत ते चालवले. विमानांपासून बुटांपर्यंत सर्व काही या विक्रीतून बाहेर आले आणि गावोगावी 'आर्मी-नेव्ही स्टोअर' नावाची दुकाने उभी राहिली. आपल्याकडे महायुद्धानंतर ज्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत, त्याचीच ही अमेरिकी आवृत्ती. तंबू, कांबळी आणि बूट घेण्यास मोठी माणसे येत; मुले मात्र आपली नाणी मोजत पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगापाशी घुटमळत. शिवाय युद्धावरून परतलेल्या वडिलांनी, काकांनी वा मामांनी माळ्यावर टाकलेली पेटी हा मुलांच्या शस्त्रागाराचा दुसरा मोठा स्रोत होता.

मुलांच्या हाती काय लागले?

या संग्रहात प्रामुख्याने पाच-सहा वस्तू दिसतात. पहिली अर्थातच पाण्याची बाटली. १९१० मध्ये स्वीकारलेल्या नमुन्याची ही बाटली सुमारे एक लिटर पाण्याची. तिच्या तळाशी नेमका बसणारा धातूचा पेला आणि दोहोंवर मिळून कापडी आवरण. मूळ बाटली अ‍ॅल्युमिनियमची होती. महायुद्धात विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमची टंचाई भासू लागली, तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या, एनॅमलच्या आणि प्लॅस्टिकच्याही बाटल्या करण्यात आल्या. त्यामुळे एका बाटलीच्या धातूवरूनही युद्धकाळातील टंचाईचा इतिहास वाचता येतो.

दुसरी वस्तू म्हणजे 'एम-१' शिरस्त्राण. १९४१ मध्ये स्वीकारलेल्या या शिरस्त्राणाचे दोन भाग असत. वरचा पोलादी टोप सुमारे एक किलो वजनाचा. आतला टोप बहुधा राळेत भिजवलेल्या सुती कापडाचे थर दाबून बनवलेला व वजनाने हलका. महायुद्धाच्या काळात असे दोन कोटींहून अधिक पोलादी टोप तयार झाले. लहान मुलाच्या मानेला एवढा भार पेलवत नसे. त्यामुळे पोलादी टोप बाजूला ठेवून मुले आतला टोपच डोक्यावर घालत. त्याच्या आतील पट्ट्या आवळता येत असल्याने तो लहान डोक्यावरही बसे. अनेक मुलांनी त्यावर हाताने पांढरा तारा किंवा कॅप्टनच्या दोन उभ्या रेघा रंगवल्या. आज असे टोप हाती लागतात, तेव्हा त्या वेड्यावाकड्या रेघांवरून बालसेनेतला अधिकारी कोण होता, हे कळते!

याखेरीज दोऱ्याच्या जाड विणीचा कमरपट्टा, काडतुसे ठेवण्याचे कप्पे, प्रथमोपचाराची लहान थैली, पाठीवरची हॅवरसॅक आणि १९४३ च्या नमुन्याचे घडीचे फावडे यांचाही खेळात सर्रास वापर होई. फावड्याने परसात खंदक खणल्याबद्दल मार खाल्ल्याची आठवण या पिढीतील अनेक घरांतून ऐकू येते.

या खेळाला दूरचित्रवाणीनेही खतपाणी घातले. 'कॉम्बॅट' ही पायदळातील सैनिकांची मालिका १९६२ ते १९६७ या काळात प्रसारित झाली, तर 'जी. आय. जो' हा सैनिकी बाहुला १९६४ मध्ये बाजारात आला. मात्र व्हिएतनामच्या युद्धाने वातावरण बदलले. शेजारच्या घरातील तरुण शवपेटीतून परत येऊ लागल्यावर युद्ध हा खेळ राहिला नाही. १९७० मध्ये 'जी. आय. जो'च्या निर्मात्यांनी त्याला सैनिकाऐवजी साहसी प्रवाशाच्या रूपात सादर केले, ही घटना पुरेशी बोलकी आहे. परसातल्या लढाया हळूहळू ओसरल्या आणि साहित्य पुन्हा माळ्यावर गेले.

अस्सल वस्तू कशी ओळखावी?

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) हा चित्रपट आणि 'बँड ऑफ ब्रदर्स' (२००१) ही मालिका यांनंतर महायुद्धकालीन साहित्याची मागणी वाढली. तिच्या पाठोपाठ हुबेहूब नकलाही आल्या. युद्धप्रसंगांचे सादरीकरण करणाऱ्या हौशी मंडळींसाठी केलेली नक्कल ही फसवणूक नव्हे. ती जुनी म्हणून विकली गेली की फसवणूक होते. म्हणून काही ठळक खुणा माहीत असाव्यात.

कापडी साहित्यावर आतल्या बाजूस उत्पादकाचे नाव आणि वर्ष यांचा शाईचा शिक्का असतो. बाटलीवर आणि पेल्याच्या मुठीवर तोच मजकूर ठोकलेला असतो. रंगही वर्ष सांगतो. युद्धाच्या प्रारंभीचे पट्टे व पिशव्या पिवळसर खाकी आहेत. १९४३ पासून गडद हिरवट रंग येऊ लागला. संक्रमणाच्या काळात दोन्ही रंगांचे कापड एकाच वस्तूत जोडलेले आढळते. तो दोष नसून अस्सलपणाची खूण मानली जाते. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. 'खाकी' हा शब्द आणि तो रंग लष्करात रूढ झाला तो हिंदुस्थानातून. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीने धुळीच्या रंगाचा गणवेश स्वीकारला आणि 'खाक' म्हणजे धूळ या शब्दावरून आलेले नाव जगभर गेले.

पोलादी टोपाच्या कडेला धातूची पट्टी बसवलेली असते. तिचा सांधा समोर असेल, तर टोप साधारणतः १९४४ च्या अखेरीपूर्वीचा. मागे असेल, तर त्यानंतरचा. हनुवटीचा पट्टा अडकवण्याच्या कड्या आरंभी पक्क्या जोडलेल्या होत्या. त्या आघाताने तुटत, म्हणून १९४३ च्या उत्तरार्धात हलणाऱ्या कड्या आल्या. टोपाच्या आत समोरच्या बाजूस पोलादाच्या घाण्याचा क्रमांक ठोकलेला असतो. महायुद्धातील अनेक टोप पुढे कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांसाठी पुन्हा रंगवण्यात आले, हेही ध्यानात ठेवावे. बाहीवरील कापडी चिन्हांसाठी संग्राहक अतिनील दिवा वापरतात. नंतरच्या काळातील अनेक धागे त्या प्रकाशात पांढरेशुभ्र चमकतात, तर महायुद्धकालीन सुती धागे सहसा चमकत नाहीत. ही कसोटी उपयुक्त असली, तरी एकट्या तिच्यावर विसंबू नये.

शाईतला क्रमांक

या सर्व खुणांहून मोलाची एक खूण पुष्कळदा दुर्लक्षित राहते. अमेरिकी सैनिक आपल्या कपड्यांवर, पट्ट्यावर आणि पिशवीवर शाईने एक अक्षर व चार आकडे लिहीत. अक्षर आडनावाचे पहिले आणि आकडे सेवा क्रमांकाचे शेवटचे. धुलाईत कपड्यांची अदलाबदल होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. आज मात्र त्याला निराळे महत्त्व आले आहे.

१२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसनजीकच्या सरकारी सेवानोंद केंद्रास भीषण आग लागली. तीत एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या सेवापुस्तिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदींचा त्यांत समावेश होता. त्यांच्या प्रती कोठेही नव्हत्या. ज्या सैनिकाची पुस्तिका जळाली, त्याच्या सेवेचा हाती उरलेला पुरावा एखाद्या पिशवीच्या आतील पाच अक्षरी खूण एवढाच असू शकतो.

सुदैवाने महायुद्धातील भरतीच्या नव्वद लाखांहून अधिक नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर आणून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. खुणेतील अक्षर व आकडे तेथे ताडून पाहता येतात. एका खुणेशी अनेक नावे जुळतात, त्यामुळे वस्तू कोणत्या गावातून, कोणाच्या घरून आली याची माहिती असेल तरच शोध पुढे सरकतो. म्हणूनच विकत घेताना किमतीइतकीच वस्तूच्या पूर्वपीठिकेची चौकशी आवश्यक आहे. मालकाचे कुटुंब सापडले, तर वस्तू परत देणारे, निदान तिचे छायाचित्र पाठवणारे संग्राहकही आहेत. हा या छंदाचा सर्वांत उमदा भाग होय.

जतन आणि जोखीम

जुने कापड धुऊ नये. शाई फिकट होते, आकार जातो आणि धुलाईने आलेला डाग कायमचा राहतो. मऊ ब्रशने धूळ झटकावी, घड्या कमीत कमी घालाव्यात आणि वस्तू उन्हापासून व दमट हवेपासून दूर ठेवावी. लोकरी कपड्यांना कसर लागते. ते वेळोवेळी तपासावेत. पितळेची टिचबटणे घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. गंज पसरत असेल तर तो थांबवावा, पण रंग खरवडू नये.

काही वस्तू मात्र धोकादायक आहेत. जुन्या होकायंत्रांच्या काट्यांवर अंधारात दिसण्यासाठी रेडियमयुक्त रंग लावलेला असे. त्याची चमक विझली, तरी किरणोत्सर्ग टिकून असतो. असे यंत्र उघडू वा खरवडू नये. ब्रिटनमधील महायुद्धकालीन गॅस मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्याने शाळांतून मुलांना ते घालू देऊ नयेत, अशी सूचना तेथील आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये दिली. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. एखादा जुना हातबाँब 'निकामी' असल्याच्या केवळ तोंडी ग्वाहीवर तर कधीच विश्वास ठेवू नये. तो न हलवता पोलिसांना कळवणे हाच एक मार्ग. थोडक्यात, आजोबा ज्या वस्तूंशी खेळले, त्या सर्वच नातवाच्या हाती देण्यासारख्या नाहीत.

संग्रहातील प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवण्याची पद्धत अनुभवी संग्राहक पाळतात. वस्तू कोठे मिळाली, तिच्यावर कोणते शिक्के आहेत, सैनिकाची खूण कोणती, हे ते त्या चिठ्ठीत लिहितात. तीत आणखी एक ओळ असावी: ही वस्तू घेऊन कोण खेळले. कमरपट्ट्याला खिळ्याने पाडलेले वाढीव भोक विक्रेत्याच्या लेखी दोष आहे. पण ते भोक एका आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेचे माप आहे. तो मुलगा आज हयात असेल, तर त्याला विचारून त्याची हकिकत लिहून घेण्याची वेळ हीच आहे. आणखी दहा-पंधरा वर्षांनी सांगणारे उरणार नाहीत. पट्टा तेवढा उरेल.