श्रोता, परवानाधारक, ग्राहक : घरगुती करमणुकीविषयीच्या लोकमताचा शब्दांच्या आधारे विचार

रेडिओ, दूरचित्रवाणी आणि त्यांच्यामागून आलेली महाजालावरील माध्यमे यांचा आपल्याकडील इतिहास प्रायः तीन अंगांनी लिहिला गेला आहे : यंत्रांच्या, शासकीय धोरणाच्या आणि कलावंतांच्या. ज्या घरात ते यंत्र मांडले गेले, त्या घरातील माणसांना त्याविषयी काय वाटत होते, हा प्रश्न या तिन्ही प्रकारच्या इतिहासांत परिशिष्टासारखा शेवटी येतो. यास कारणही आहे. मंत्र्यांची भाषणे छापली जातात, कंपन्यांचे हिशेब जपून ठेवले जातात. पण संध्याकाळी खुंटी पिळत बसलेला गृहस्थ ‘आज काही धड लागत नाही’ असे म्हणतो, ते कोणत्याच दप्तरात नोंदले जात नाही. तथापि असे मत अगदीच नाहीसे होते असे नव्हे. लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या निवडीत ते उरते, आणि लोकांच्या तोंडच्या शब्दांतही उरते. या दोहोंचा मेळ घालून पाहिल्यास घरगुती करमणुकीच्या साधनांसंबंधी सामान्य माणसाचे म्हणणे काय होते, आणि ते ऐकून घेण्याची व्यवस्था केव्हा होती व केव्हा नव्हती, याचा बराचसा उलगडा होतो.

१

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. तिचे उत्पन्न मुख्यतः परवान्यांवर अवलंबून होते. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरून टपाल कचेरीतून परवाना घ्यावयाचा, आणि त्या रकमेतील मोठा वाटा कंपनीला मिळावयाचा, अशी ही योजना होती. देशभरातील परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आतच राहिली आणि १९३० साली कंपनी बुडाली. पुढे प्रक्षेपण सरकारच्या हाती गेले व १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. १९३३च्या कायद्यान्वये विनापरवाना यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला होता.

म्हणजे रेडिओ ऐकणाऱ्याला कायद्याने दिलेले पहिले नाव ‘परवानाधारक’ हे होय. या नावात मताला जागा नाही. परवानाधारक पैसे भरतो आणि कागद जपतो. त्याला काय आवडते हे विचारण्याचे टपाल कचेरीला प्रयोजन नव्हते.

कार्यक्रम सांगणाऱ्यांनी मात्र त्याला ‘श्रोता’ म्हटले. हा शब्द मराठीला नवा नव्हता. कीर्तन, प्रवचन, पुराण यांच्या परंपरेत वक्ता आणि श्रोता ही जोडी शतकानुशतके एकमेकांसमोर बसत आली आहे. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांची विनवणी पुनःपुन्हा आढळते. त्यांच्याकडे अवधान मागितलेले आहे. ज्याच्याकडे अवधान मागावे लागते तो ते नाकारूही शकतो. श्रोता उठून गेला तर कीर्तनकाराला ते दिसते. नभोवाणीच्या श्रोत्याला नाव मिळाले ते याच परंपरेतले, पण उठून जाण्याचा त्याचा जुना अधिकार वक्त्याला दिसेनासा झाला.

१९५६-५७च्या सुमारास शासनाने ‘आकाशवाणी’ हे नाव स्वीकारले. पुराणकथांतील आकाशवाणी ऐकावयाची असते; तिला प्रतिप्रश्न करण्याची सोय नसते. हे नाव सुंदर आहे यात शंका नाही, पण एकाच दिशेने वाहणाऱ्या व्यवस्थेचे ते नकळत केलेले यथार्थ वर्णनही आहे. घरातल्या माणसांनी ते केंद्राचे नाव म्हणून घेतले. यंत्राला मात्र ते ‘रेडिओ’च म्हणत राहिले आणि त्याच्यासाठी क्रियापद योजले ते ‘लावणे’ हे. दिवा लावावा, तसा रेडिओ लावावा. या क्रियापदाचा कर्ता घरातला माणूस आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२

या कर्त्याचे कर्तृत्व १९५२ साली सर्वांच्या प्रत्ययास आले. त्या वर्षी माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे आली. पुण्यात जन्मलेले केसकर शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते, आणि चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. या गीतांचा वेळ कमी करण्यात आला. चित्रपटाचे नाव सांगणे ही त्याची जाहिरात होय, या कारणास्तव तेही बंद झाले. निर्मात्यांनी यावर गीते वाजविण्याची परवानगीच काढून घेतली आणि सरकारी केंद्रांवरून चित्रपटगीत जवळजवळ दिसेनासे झाले.

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी खुंटी फिरविली. रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा १९५० साली सुरू झालेली होती. तिच्या प्रक्षेपकाचा उगम दुसऱ्या महायुद्धातील लष्करी केंद्रात होता, आणि लघुलहरींवरून त्याचा आवाज भारतभर पोचत असे. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि मुंबईत तयार झालेली गाणी समुद्रापलीकडून मुंबईच्या घरांत परत येत. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत असत. दहा घरे पाहिली तर नऊ घरांत सिलोन लागलेले आढळते आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो, असा एक किस्सा त्या काळाविषयी सांगितला जातो. किस्सा म्हणूनच तो घ्यावयाचा. पण लोकमताची दिशा त्यावरून कळते.

‘सिलोन लावा’ हा प्रयोग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. एका देशाचे नाव येथे एका करमणुकीचे नाव झाले. ज्यांनी ते बेट नकाशावरही पाहिले नव्हते, त्यांच्या तोंडी ते रोजचे झाले. दुसरा शब्द ‘फर्माईश’. फारसीतील ज्या धातूपासून ‘फर्मान’ हा राजाज्ञेचा शब्द झाला, त्याच धातूपासून हा शब्द आला आहे. परवानाधारकाला टपाल कचेरी फर्मान काढू शकत होती. फर्माईश पाठविणारा श्रोता एका पोस्टकार्डाच्या किमतीत स्वतःच आज्ञा देऊ लागला.

शासनाला हा कौल मान्य करण्यास पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली आणि चित्रपटगीते सरकारी लहरींवर परत आली. १९६७ साली याच सेवेवर जाहिराती आल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे व नागपूर येथे.

३

येथवरच्या हकीकतीवरून असा ग्रह होण्याचा संभव आहे की लोकांना हलकेफुलके हवे होते आणि शासन त्यांना जडजड देत होते. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते सुधीर फडके यांच्या संगीतात आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाली. गीतांचे शब्द हाती असावेत अशी श्रोत्यांची मागणी इतकी होती की वृत्तपत्रे ते छापू लागली. हे सर्व केसकरांच्याच कारकीर्दीत, सरकारी केंद्रावरच घडले. आणि गीतांचे कर्ते दोघेही चित्रपटसृष्टीत नाव मिळविलेले होते.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो महत्त्वाचा आहे. लोकांनी सिलोन लावले ते पुण्यावर रुसून नव्हे. बुधवारी रात्री सिलोन लावणारे घर गीतरामायणाच्या वेळी पुणे लावीत होते. श्रोत्याची अभिरुची एकपदरी नव्हती. तिला एकपदरी समजणे ही धोरणकर्त्यांची चूक होती.

त्याच सुमारास मत विचारण्याचाही एक प्रयत्न झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत ऐकणाऱ्यांचे गट बसविले होते. कार्यक्रम संपल्यावर गटाने चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी पद्धत होती. आकाशवाणीला येथे प्रतिप्रश्नाची सोय झाली. ही सोय गावाच्या चावडीपुरती होती. शहरातल्या वा खेड्यातल्या घरात एकट्याने ऐकणाऱ्याला पोस्टकार्ड आणि खुंटी एवढीच साधने होती.

४

दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. दिल्लीत ती १९५९ सालीच सुरू झालेली होती. १९७६ साली ती आकाशवाणीपासून वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ झाली. येथे नव्या नावाची भर पडली : प्रेक्षक. हा शब्द नाटकगृहातून आला. पण नाटकाचा प्रेक्षक टाळी वाजवितो, क्वचित शिट्टीही. दूरदर्शनचा प्रेक्षक ज्या पेटीपुढे बसला होता तिला ऐकू येत नव्हते. शिवाय त्याच्यापाशी सिलोनही नव्हते. पडद्यावर एकच वाहिनी होती. तेव्हा खुंटी फिरविण्याने फक्त काळोख मिळत असे.

या काळातील लोकमत शोधावयाचे तर ते तक्रारींच्या व्याकरणात शोधावे लागते. चित्र ‘येते’, ‘जाते’, ‘हलते’. पडद्यावर ‘मुंग्या येतात’. गच्चीवर अँटेना फिरविणारा ‘आलं का?’ विचारतो आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असे उत्तर येते. या सर्व वाक्यांत क्रियापदे अकर्मक आहेत. चित्र कोणी घालविले, हे त्यांत सांगितलेले नाही. ‘वीज गेली’, पुढे ‘केबल गेली’ आणि आता ‘नेट गेलं’ हे त्याच साच्याचे प्रयोग होत. साधन चालते तेव्हा कर्ता घरातला माणूस : ‘मी टीव्ही लावला’. ते बंद पडते तेव्हा कर्ता कोणीच नाही. यास मराठी स्वभावातील सोशिकपणा म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. तक्रार कोणाकडे करावयाची हे ठाऊक नसलेल्या माणसाची ही भाषा आहे.

१९८५ साली रेडिओ व दूरचित्रवाणीचे परवाने रद्द झाले आणि ‘परवानाधारक’ हा शब्द करमणुकीपुरता इतिहासजमा झाला.

५

१९९१च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्या आणि केबल यांचा झपाट्याने प्रसार झाला. गल्लीतला ‘केबलवाला’ हा या सबंध इतिहासातला पहिला दिसणारा माणूस होय. त्याला नावाने हाक मारता येत असे आणि चित्र गेले तर त्याच्या दारात जाता येत असे. बघणाराही आता ‘ग्राहक’ झाला. सार्वजनिक कार्याला ‘वर्गणी’ देणाऱ्यास ‘वर्गणीदार’ म्हणतात आणि त्यात थोडी भागीदारीची छटा असते. तो शब्द केबलला चिकटला नाही. ‘ग्राहक’ हा शब्द पुण्यात १९७४ साली उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतीने आणि १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रतिष्ठित केला होता. त्याचेच बोलभाषेतले रूप ‘गिऱ्हाईक’. आणि एखाद्याचे ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची फजिती करणे, हेही मराठीच सांगते. हक्क मागणारा आणि फसविला जाणारा असे दोघेही एकाच शब्दाच्या दोन रूपांत राहतात.

बघणाऱ्याच्या हक्काला घटनात्मक पाया मिळाला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात दोन हक्क वेगळे केलेले आहेत : एक प्रक्षेपण करणाऱ्याचा, आणि दुसरा माहिती, शिक्षण व करमणूक मिळविण्याचा, हा दुसरा हक्क प्रेक्षकांचा आहे. १९५२ साली ज्या श्रोत्याची अभिरुची सुधारावयाची होती, तो त्रेचाळीस वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने लहरींचा एक धनी ठरला.

६

महाजालाच्या युगात करमणूक खिशात आली आणि बघणाऱ्याला आणखी एक नाव मिळाले : ‘वापरकर्ता’. हा शब्द भाषांतरातून घडविलेला आहे. घरात कोणी स्वतःला वापरकर्ता म्हणत नाही. मोबाइलवरही गाणे ‘लावले’च जाते. या युगात लोकमताचा सर्वांत मोठा आविष्कार २०१५ साली झाला. महाजालावरील सेवांसंबंधी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक विचारपत्र प्रसिद्ध केले होते. कंपन्यांना निरनिराळ्या सेवांसाठी निरनिराळा आकार घेऊ द्यावा काय, असा वाद त्यातून उभा राहिला, आणि दहा लाखांहून अधिक ईपत्रे प्राधिकरणाकडे गेली. पुष्कळ पत्रांचा मजकूर आधी तयार केलेला व एकसारखा होता, हे खरे. पण तो पाठविण्याचा निर्णय ज्याचा त्याचा होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांना मनाई करणारा नियम निघाला. सिलोनला पोस्टकार्डे गेली तेव्हा शासन ती वाचणारे नव्हते. येथे पत्ता शासनाचा होता, आणि एका वर्षाच्या आत उत्तर मिळाले.

तरी एक भेद येथे नजरेआड होऊ देता कामा नये. आजची माध्यमे बघणाऱ्याने काय पाहिले, कोठे थांबविले, पुन्हा काय लावले, हे सर्व मोजतात. केसकरांना आपला श्रोता कोणते केंद्र लावतो हे इतक्या बारकाईने कळण्याचे साधन नव्हते. पण मोजणे आणि विचारणे या एकच क्रिया नव्हेत. मोजणीत निवड कळते. निवडीमागचे कारण आणि न मिळालेल्या गोष्टीची इच्छा कळत नाही. सिलोन लावणाऱ्या घराची केवळ मोजणी झाली असती, तर त्या घराला शास्त्रोक्त वळणाच्या गाण्यांनी नटलेले रामायण नको आहे, असाच निर्णय निघाला असता. आणि तो चुकीचा ठरला असता.

श्रोता, परवानाधारक, प्रेक्षक, ग्राहक, वापरकर्ता : ही पाचही नावे वरून दिलेली आहेत. खालून आलेला शब्द ‘लावणे’ हा एकच, आणि शंभर वर्षांच्या आसपास तो टिकून आहे. साधने बदलली तरी काय लावावयाचे हे आपण ठरवितो, अशी घरातल्या माणसाची समजूत त्यात साठवलेली आहे. ती समजूत कितपत खरी होती, हे दर पिढीत तपासून पाहणे हे या विषयाच्या अभ्यासकाचे काम आहे. ‘नेट गेलं’ या वाक्याला ज्या दिवशी कर्ता मिळेल, त्या दिवशी तक्रारीलाही पत्ता मिळालेला असेल.