परकी चिप आणि पुण्याचा ‘परम’

एखादा कारखाना बंद पडला, म्हणजे त्याची झळ प्रथम त्यांतील कामगारांना आणि भागीदारांना लागते. परंतु कांहीं कारखाने असे असतात, कीं त्यांनीं आपल्या मालांतील एखादाच प्रकार काढणें थांबविलें, तरी हजारों मैलांवर दुसऱ्याच कोणाच्या कामाचा पाया हलतो. संगणकाचे प्रोसेसर बनविणाऱ्या कंपन्या या जातीच्या आहेत. त्यांतील एखादी अडचणींत येऊन ‘अतिवेगवान प्रोसेसरचा धंदा आतां पुरे’ असें म्हणूं लागली, तर तिच्या गिऱ्हाइकांनीं काय करावें, या प्रश्नाचा इतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें. तो बराचसा परदेशांत घडला असला, तरी त्याचें एक महत्त्वाचें प्रकरण आपल्या पुण्यांतलें आहे.

प्रश्न वाटतो तितका दूरचा नाहीं. मीरा-भाईंदरसारख्या शहरांत एखाद्या घरीं मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर जो संगणक असतो, त्याचें झांकण काढून पाहिलें, तर सर्व आकडेमोड करणारी जी मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, ती बहुधा दोन कंपन्यांपैकीं एकीची निघेल : इंटेलची किंवा ए.एम.डी.ची. इंटेल १९६८ सालीं निघाली, ए.एम.डी. १९६९ सालीं. आय.बी.एम. कंपनीनें आपल्या छोट्या संगणकासाठीं इंटेलचा प्रोसेसर पसंत केला, तेव्हां तोच माल पुरविणारा दुसरा कोणी हवा, असा तिचा आग्रह होता. त्यामुळें १९८२ सालीं इंटेलच्या आराखड्याचे प्रोसेसर बनविण्याचा हक्क ए.एम.डी.ला मिळाला. शहाण्या गिऱ्हाइकानें एकाच दुकानावर सारी भिस्त ठेवूं नये, एवढाच त्यामागचा व्यवहार होता. पण असा आग्रह धरण्याइतकें वजन प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ नसतें. पुण्यापाशीं तें नव्हतें.

१९८० नंतरच्या दशकांत हवामानाचें भाकीत किंवा विमानांचे आराखडे यांसारख्या अवाढव्य गणितांसाठीं अमेरिकेंतील क्रे कंपनीचे महासंगणक प्रसिद्ध होते. ते परदेशीं विकण्यास अमेरिकन सरकारची अनुज्ञा लागे. दिल्लीला हवामानाच्या कामासाठीं एक क्रे मिळाला, तोही अटींवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची मागणी पुरी झाली नाहीं. या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्यें पुण्यांत प्रगत संगणन विकास केंद्र, ज्याला आपण ‘सी-डॅक’ म्हणून ओळखतों, तें स्थापन झालें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याचें नेतृत्व आलें, आणि तीन वर्षांत महासंगणक सिद्ध करण्याची कामगिरी त्यांच्यावर सोंपविण्यांत आली.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर घडविण्याचें साधन आपल्यापाशीं नव्हतें. म्हणून पुणेकर शास्त्रज्ञांनीं दुसरा मार्ग धरला. मोठ्या पंगतीला एकटा वाढपी कितीही चपळ असला तरी पुरा पडत नाहीं. त्यापेक्षां साधेच पण पुष्कळ वाढपी लावावे, मात्र ते एकमेकांच्या पायांत येऊं नयेत आणि कोणत्या पानावर काय वाढलें, हें त्यांना परस्परांस कळत असावें. समांतर संगणन म्हणतात तें हेंच. एक मोठें गणित अनेक प्रोसेसरांत वांटून द्यावयाचें, आणि त्यांच्यांतील देवाणघेवाण चोख राखावयाची.

अशा कामासाठींच जणूं घडविलेला एक प्रोसेसर त्या वेळीं बाजारांत होता. त्याचें नांव ट्रान्सप्युटर. शेजारच्या चार प्रोसेसरांशीं थेट बोलण्याची सोय त्याच्या चिपेंतच केलेली होती. तो बनविणारी इन्मॉस ही ब्रिटिश कंपनी १९७८ सालीं सरकारी भांडवलावर निघाली. प्रारंभीं ५ कोटी पौंड तिच्यासाठीं मंजूर झाले होते. ब्रिस्टल येथें तिचे आराखडे होत आणि वेल्समधील न्यूपोर्ट येथें कारखाना होता. कल्पना तेजस्वी होती, पण तिजोरी अशक्त. १९८४ सालीं ब्रिटिश सरकारनें आपला हिस्सा थॉर्न ई.एम.आय. कंपनीला ९.५ कोटी पौंडांस विकला. त्या कंपनीलाही हा भार पेलला नाहीं, आणि १९८९ सालीं इन्मॉस एस.जी.एस.-थॉमसन या युरोपीय कंपनीच्या हातीं गेली. म्हणजे पुण्यांत ज्या विटांनीं इमारत उभी राहत होती, त्या विटांची भट्टी त्याच काळांत दोनदां मालक बदलून चुकली होती.

तरीही इमारत वेळेवर उभी राहिली. १९९१ सालीं ६४ ट्रान्सप्युटरांचा ‘परम-८०००’ जगापुढें आला. ‘परम’ हें समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचें लघुरूप. संस्कृतांत त्याचा अर्थ सर्वश्रेष्ठ, हा योग मोठा सुंदर. प्रोसेसरांची संख्या २५६ पर्यंत वाढविली, तर सेकंदाला सुमारें १०० कोटी आकडेमोडी करण्याची या यंत्राची शक्ति होती. रशियांतील मॉस्को येथेंही त्याची निर्यात झाली. ज्यांना महासंगणक नाकारला गेला होता, ते आतां महासंगणक विकूं लागले.

आतां खरी परीक्षा आली. टी-८०० या ट्रान्सप्युटरचा वेग लौकरच अपुरा वाटूं लागला. त्याच्या पुढची आवृत्ति, टी-९०००, दसपट वेगवान होईल असें १९९१ सालीं जाहीर झालें होतें. पण ती रखडली, आणि आली तेव्हां तिच्यांत तो वेग नव्हता. तोंवर इतर कंपन्यांचे साधे प्रोसेसरही पुढें निघून गेले होते. अतिवेगवान प्रोसेसरच्या शर्यतींतून ट्रान्सप्युटर बाहेर पडला, आणि इन्मॉस हें नांवही हळूहळू मालक कंपनीच्या नांवांत विरून गेलें.

सी-डॅकच्या जागीं दुसरी एखादी संस्था असती, तर तिचें कामही येथेंच संपलें असतें. पण १९९२ च्या ‘परम-८६००’ मध्यें पुणेकरांनीं गणिताचें ओझें इंटेलच्या आय-८६० या प्रोसेसरवर टाकलें, आणि ट्रान्सप्युटरांकडे केवळ निरोप्याचें काम ठेवलें. पुढें इंटेलनेंही आय-८६० चा मार्ग सोडून दिला. एका ठेचेनें जें सुचलें नसतें, तें दोन ठेचांनीं पक्कें केलें. १९९४ च्या ‘परम-९०००’ ची रचनाच अशी करण्यांत आली, कीं नवा प्रोसेसर आला तर जुना काढून तो बसवितां यावा. त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर होते, तसे डिजिटल कंपनीचे अल्फाही होते. १९९८ च्या ‘परम-१००००’ मध्यें सनचेच प्रोसेसर होते. २००३ सालीं जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींत १७१ वें स्थान मिळविणाऱ्या ‘परम पद्म’मध्यें आय.बी.एम.चे होते.

या पुरवठादारांचें पुढें काय झालें, तेंही पाहण्यासारखें आहे. डिजिटल कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅकनें घेतली, आणि २००१ सालीं अल्फाचा विकास थांबविण्याचा निर्णय झाला. सन कंपनी २०१० सालीं ओरॅकलच्या पोटांत गेली. पुरवठादार एकामागून एक मैदान सोडीत गेले; परम मात्र टिकला. याचें कारण असें, कीं प्रोसेसर परका असला, तरी अनेक प्रोसेसरांना एकत्र राबविण्याची विद्या, त्यांना जोडणारें ‘परमनेट’ हें जाळें आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली यांचें ज्ञान पुण्यांतच जमा होत होतें. अर्थात् प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागली. जुने कार्यक्रम नव्या प्रोसेसरसाठीं पुन्हां बसवावे लागत, आणि त्यांत कुशल माणसांचीं वर्षें खर्चीं पडत.

आतां पुन्हां आपल्या टेबलावरील संगणकाकडे वळूं. १९९९ ते २००४ या काळांत ए.एम.डी.नें इंटेलला चांगलेंच खिंडींत गांठलें होतें. तिनें २००३ सालीं आणलेली ६४ बिटांची पद्धति पुढल्याच वर्षीं इंटेललाही स्वीकारावी लागली. पण २००६ सालीं ए.टी.आय. ही चित्र-प्रोसेसरची कंपनी भारी किंमतीस घेतल्यावर ती कर्जांत रुतली, आणि २००९ सालीं आपले कारखानेही तिनें वेगळे काढून अबू धाबीच्या भांडवलदारांच्या हातीं दिले. २०११ चा ‘बुलडोझर’ हा आराखडा फसला. त्या सुमारास कंपनीच्या प्रवक्त्यांची भाषाही इंटेलशीं जुनी स्पर्धा आतां विसरावी अशी झाली. २०१२ पासून २०१७ पर्यंत टेबलावरील अतिवेगवान संगणकांसाठीं नवा आराखडा तिच्याकडून आलाच नाहीं. एकट्या २०१५ सालीं तिला ६६ कोटी डॉलरचा तोटा झाला.

इन्मॉसची कथा येथें पुन्हां घडली असती. ती घडली नाहीं, याचें एक कारण म्हणजे २०१३ सालच्या दोन प्रमुख खेळयंत्रांना प्रोसेसर पुरविण्याचें काम ए.एम.डी.ला मिळालें होतें. त्या साध्या मिळकतीवर तग धरून तिनें नव्या आराखड्याचें काम चालूं ठेवलें. २०१४ सालीं लिसा सू प्रमुख झाल्या. २०१७ सालीं ‘रायझेन’ आणि मोठ्या यंत्रांसाठींचा ‘एपिक’ हे प्रोसेसर निघाले. आणि २०२० सालीं पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धि-एआय’ हा महासंगणक जागतिक यादींत ६३ वा आला, तेव्हां त्यांत प्रोसेसर होते ते ए.एम.डी.चेच. त्याचे इतर महत्त्वाचे भागही परदेशी होते, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

आज पारडें फिरलें आहे. २०२४ सालीं इंटेललाच १,८८० कोटी डॉलरचा तोटा झाला, आणि २०२५ सालीं अमेरिकन सरकारनें त्या कंपनींत सुमारें दहा टक्के हिस्सा घेतला. ब्रिटननें आपला चिपांचा कारखाना सहा वर्षांत विकून टाकला. अमेरिका आपला सोडावयास तयार नाहीं. हा फरक आपण नीट ध्यानांत घेतला पाहिजे. चिप बनविणें हा केवळ नफ्यातोट्याचा व्यवहार राहिलेला नाहीं, हें मोठीं राष्ट्रें ओळखून आहेत.

श्रोतेहो, कोणती कंपनी उद्यां टिकेल, हें आपल्या हातीं नाहीं. पण परमचा इतिहास सांगतो, कीं पुरवठादार बदलला तरी काम अडूं नये अशी रचना करणें मात्र आपल्या हातीं असतें, आणि ती पुण्यांत करून दाखविली गेली आहे. त्यापुढची पायरी स्वतःच्या प्रोसेसरची. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रांत ‘वेगा’ आणि मद्रासच्या आय.आय.टी.मध्यें ‘शक्ति’ या नांवांनीं तिचा आरंभ झाला आहे. हे प्रोसेसर अद्याप महासंगणकाच्या तोडीचे नाहींत. परंतु १९८८ सालीं परमही केवळ कागदावर होता. या वेळीं मुदत तीन वर्षांहून पुष्कळ मोठी लागेल, आणि तितका काळ धीर व पैसा दोन्ही पुरविण्याची तयारी समाजानें दाखविली पाहिजे. इन्मॉसच्या बाबतींत नेमकी तीच कमी पडली.